चिनाई

लायब्ररीतलं व्याख्यान फुकट होतं आणि तिथलं हीटिंग आमच्या घरापेक्षा बरं होतं, एवढ्याच कारणासाठी मी आईला तिथे घेऊन गेले. जानेवारी महिना होता. हॅमिल्टनच्या जानेवारीत म्हाताऱ्या माणसाने करायचं तरी काय? खिडकीशी बसून समोरचा माणूस ड्राइव्ह-वे शोव्हल करताना बघायचा, चहा प्यायचा आणि पुन्हा खिडकीशी बसायचं. बाबा गेल्यावर मी तिला नागपूरहून इकडे आणलं. इकडे आणून तिचं नक्की काय भलं केलं, हा प्रश्न मला रोज सकाळी भांडी आवरताना पडायचा आणि मग मी भांडी जरा जास्तच आपटायची. म्हणून व्याख्यान कसलंही असो, मी तिला कोट, टोपी, बूट चढवून गाडीत बसवायची. एकदा आम्ही मधमाश्यांबद्दल दोन तास ऐकून आलो होतो.

त्या दिवशी विषय होता गोठलेल्या थडग्यांचा. एक निवृत्त प्राध्यापक पडद्यावर चित्रं दाखवत होते. रशिया आणि मंगोलिया जिथे भेटतात तिथले डोंगर, त्या डोंगरांत घोड्यांवर जगणारे भटके लोक, आणि त्यांची पुरण्याची पद्धत. सरदार मेला की जमिनीत खोल लाकडी खोली करायची, त्यात त्याला ठेवायचं, बाजूला त्याचे घोडे मारून ठेवायचे, वर दगडांचा ढीग रचायचा. मी आईच्या कानात मराठीत सांगत होते. या कामात मी काही फार चांगली नाही. कंटाळा आला की तीन वाक्यांचं एक करते.

मग पडद्यावर एक कापड आलं. सायीच्या रंगाचं जुनं रेशीम, त्यावर साखळी टाक्याने भरलेल्या नाजूक फांद्या आणि फांद्यांवर लांब शेपटीचे पक्षी.

"अगं बाई," आई मोठ्यांदा म्हणाली, "ही तर माझी चिनाई!"

पुढच्या रांगेतल्या सगळ्या माना मागे वळल्या. मी तिचा हात दाबला. प्राध्यापक सांगत होते की हे रेशीम चीनमध्ये विणलेलं, तिथेच भरलेलं, आणि दोन हजारांहून जास्त वर्षांचं आहे. कोणाच्या लग्नात आलं, भेट म्हणून आलं की व्यापारात, कोणाला ठाऊक नाही. भटक्यांनी त्याला खाली दाबलेल्या लोकरीचा नमदा लावून त्याची घोड्याची झूल केली आणि ती घोड्याबरोबर पुरली.

"घोड्यावर घातलं?" आई. "एवढं भरतकाम?"

"हो."

"बाप्पा! अन् सडलं कसं नाही मग?"

ते प्राध्यापक पुढे सांगतच होते. थडगी बांधून झाली आणि थोड्याच काळात चोरांनी वरून भोक पाडलं. सोनंनाणं नेलं, कापडचोपड टाकून दिलं. त्या भोकातून पावसाचं, बर्फाचं पाणी आत शिरलं, खोली भरली आणि सगळं गोठून गेलं. वरच्या दगडांमुळे उन्हाळ्यातही ते बर्फ वितळलं नाही. मी आईला हे सगळं सांगितलं. तिने विचार केला.

"म्हणजे चोरांनी भोक पाडलं म्हणून राहिलं."

"हो. नाहीतर माती झाली असती."

परतताना ती काचेतून कडेचे बर्फाचे ढीग बघत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "म्हणजे बर्फात रेशमाला काही होत नाही." माझं लक्ष रस्त्यावरच्या निसरड्या बर्फाकडे होतं. मी नुसतं हं म्हटलं.

चिनाई म्हणजे आईची एक साडी. तिच्या लहानपणी नागपुरात चिनी फेरीवाले यायचे. सायकलच्या कॅरिअरला कापडाचं भलंमोठं गाठोडं, तोडकंमोडकं हिंदी, आणि उन्हाने लाल झालेला चेहरा. त्यांच्यातला एक आईच्या वडिलांच्या ओळखीचा झाला होता. धंतोलीतल्या त्यांच्या घरी तो पाणी प्यायला थांबायचा, ओट्यावर गाठोडं सोडायचा, आणि घेतलं नाही तरी रागवायचा नाही. आईचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी त्याच्याकडून ही साडी घेतली. सायीसारखं रेशीम आणि काठापासून पदरापर्यंत पक्षी, फांद्या, कळ्या. त्या लग्नात शालू होता, पैठणी होती, पण आईचा जीव अडकला तो चिनाईत.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि चीनशी लढाई सुरू झाली. आई नवी सून, तिला काय कळणार? ती शेजारच्या हळदीकुंकवाला चिनाई नेसून गेली. बायका जवानांसाठी हातातल्या बांगड्या काढून देत होत्या आणि ही शत्रूचं रेशीम मिरवत होती, असं कोणीतरी बोललं. ते बोलणं घरी पोचलं. सासऱ्यांनी तिला काही म्हटलं नाही, फक्त सासूकरवी निरोप दिला की ती साडी आत ठेवा. आईने ती जुन्या धोतराच्या मऊ कापडात बांधली आणि ट्रंकेत घातली. तो फेरीवालाही नंतर कधी दिसला नाही. "धरून नेलं म्हणे त्यांना कुठेतरी," आई सांगायची. "पाणी पिऊन जायचा बिचारा. त्यानं काय केलं होतं कोणाचं?"

लढाई संपली, लोक विसरले, पण निघालेली साडी पुन्हा अंगावर चढली नाही. आधी आम्ही दोघं भावंडं झालो, मग रेशीम नाजूक झालं, मग बाबा गेले. एकदाच नेसलेली साडी ती दर दसऱ्याला उघडायची, घडी बदलायची आणि परत बांधायची. हॅमिल्टनला येताना लोणच्याच्या बरण्या तिने माझ्या सांगण्यावरून मागे ठेवल्या, पण चिनाई हातातल्या पिशवीतून आणली.

इथे तिने एक नवीनच टुमणं सुरू केलं. "मी गेले की मला चिनाई नेसवायची."

"आई, सकाळी सकाळी काय हे!"

"मग दुपारी बोलू का?"

मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. ती मागून बोलत राहायची. "तेव्हा लोक काय म्हणतील म्हणून ठेवून दिली. आता म्हणोत जे म्हणायचं ते. मला थोडंच ऐकू येणार आहे?" मला हसू यायला हवं होतं, पण भयंकर राग यायचा. जगाच्या या टोकाला मी हिला आणलं, हिच्यासाठी खालच्या बाथरूममध्ये दांडे बसवले, डाळ-तांदूळ हिच्या चवीचे शोधले, आणि ही जाण्याची तयारी करते आहे. शिवाय मला भीतीही वाटायची. ते बोलणं पुरं ऐकलं तर ते खरं होईल, असं काहीतरी बावळट माझ्या डोक्यात होतं.

त्या हिवाळ्यात चिनाई घडीवर विरायला लागली. "या तुमच्या हीटिंगनं पापड करून टाकला तिचा," आई म्हणाली. फर्नेसची कोरडी हवा होती, तिचं म्हणणं खरं असणार. मी म्हटलं, बघू काहीतरी. बघितलं नाही.

व्याख्यानाच्या पुढच्याच आठवड्यात आइस स्टॉर्म आलं. तारांवर बर्फ चढून वीज गेली. आम्ही तिघं रजया गुंडाळून बैठकीत बसलो होतो. आईने माझ्या नवऱ्याला विचारलं, "जावईबापू, बेसमेंटमधल्या त्या पेटीतलं सगळं वितळत असेल नं आता?"

"डीप फ्रीजर? नाही हो आई. झाकण उघडलं नाही तर दोन दिवस आतलं जसंच्या तसं राहतं."

"जसंच्या तसं?"

"एकदम. पॉवर असली तर वर्षानुवर्षं."

नवरा इंजिनिअर. कोणी विचारलं की त्याला चढतंच. त्याने तिला इन्सुलेशन समजावून सांगितलं आणि ती मन लावून ऐकत होती. त्यानंतर ती बेसमेंटमध्ये बरीच जायला लागली. जिना उभा होता, मी ओरडायची, पडशील म्हणून. "खोबरं बघून येते," म्हणायची. किसलेला नारळ ती बासमतीच्या रिकाम्या, चेनवाल्या पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायची. आमच्याकडे त्या पिशव्या कोणी कधी फेकल्या नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला फ्लू झाला आणि तो छातीत उतरला. हॉस्पिटलमध्ये पहिल्या संध्याकाळी ती चांगली शुद्धीवर होती. माझं मनगट धरून म्हणाली, "ऐक नं. ती चिनाई..."

"आई, ते घरी गेल्यावर. आत्ता झोप."

तिने मुकाट्याने डोळे मिटले. जन्मात तिने माझं एवढ्या लगेच कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला आणि मग तिला बोलता आलं नाही. घरी ती आलीच नाही.

फ्युनरल होमने सांगितलं होतं की कपडे उद्या सकाळी आणा. मी आईचं कपाट उघडलं. चिनाई नव्हती. तिच्या दोन्ही सुटकेस उपसल्या, पलंगाखाली बघितलं, माझं कपाट, लिननचं कपाट, गराजमधली खोकी. धोतराचं ते कापडही कुठे दिसेना. ब्रॉसार्डहून माझी मुलगी आली होती, तीही शोधत होती. मला रडायलाही वेळ नव्हता. आईने आयुष्यात मागितलेली एकच गोष्ट, आणि तीसुद्धा माझ्या घरात सापडेना.

मग मला आठवलं. फेब्रुवारीत मार्कहॅमची एक ओळखीची बाई नागपूरला गेली होती आणि आईने तिच्याबरोबर वहिनीला गाठोडं पाठवलं होतं. मी नागपूरला फोन लावला. दादा क्रियाकर्माची सामग्री आणायला गेला होता, फोन वहिनीने घेतला.

"वहिनी, त्या गाठोड्यात चिनाई होती का?"

"नव्हती, ताई. मुलांचे स्वेटर होते अन् चॉकलेट."

"नक्की?"

एकच शब्द बोलले मी. मग वहिनी म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलून राहिले का?" आणि फोन ठेवला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. दादा बोलायचा, पण जपून जपून.

सकाळी मी आईची नारायणपेठ आणि तिचा ब्लाउज घेऊन गेले. तिथल्या बाईने विचारलं, तुम्ही स्वतः तयार करणार का? मी हो म्हटलं. मुलगी माझ्याबरोबर आत आली. आई शीतपेटीतून काढलेली, गार होती. हात दुमडत नव्हते. एक बाही कशीबशी चढली, दुसरी कोपराच्या पुढे जाईना. मी ओढलं. मुलगी रडत म्हणाली, "मॉम, स्टॉप, यू आर हर्टिंग हर." त्या बाईने माझ्या हातात कात्री दिली. मी ब्लाउज मागून, मानेपासून खालपर्यंत कापला. काप वेडावाकडा गेला, सुतं लोंबायला लागली. मग तो पुढून घातला आणि कापलेल्या कडा पाठीखाली सरकवल्या. आईला उसवलेलं, सुटलेलं काही खपत नसे. परकराची शिवण जरी सुटली तरी ती हातातलं काम टाकून सुईदोरा घ्यायची. तिला मी पाठीवर तसल्या कडा घेऊन दाहिनीत पाठवलं.

अस्थी एका साध्या पेटीत मिळाल्या. ती पेटी मी आईच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. दादा विचारायचा, रामटेकच्या तलावावर कधी नेऊया, आणि मी म्हणायची, दिवाळीच्या आधी येते. वहिनीसमोर उभं राहायचं माझ्याने होत नव्हतं, हे मी त्याला सांगितलं नाही.

घरात आईच्या हातचं उरलं होतं ते फक्त फ्रीजरमध्ये. खोबरं, भाजलेल्या वांग्याचा गर, सांडग्याच्या मिरच्या. वरचं सामान मी काढायची, घालायची, पण तळाच्या थराला हात लावायची नाही. ते संपलं की संपलंच. नवरा म्हणायचा, अगं डीफ्रॉस्ट करायला हवा, कडेला केवढं बर्फ साठलंय. मी त्याच्यावर खेकसायची.

गणपती आले. मोदकांसाठी इंडियन ग्रोसरीत फ्रोजन नारळ होता, पण मला वाटलं, यंदा सारण आईच्या खोबऱ्याचं करावं. मुलगीही आली होती. मी फ्रीजरमध्ये कमरेपासून वाकले आणि तळातून एकेक पिशवी सोडवायला लागले. उजव्या कोपऱ्यातली बासमतीची पिशवी हाताला वेगळी लागली. खोबरं दगडासारखं होतं. ही कडक होती, पण चपटी आणि हलकी. चेन थोडी उघडली तर आत दुसरी प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यातून धोतराचं कापड दिसत होतं.

मी तिथेच फरशीवर बसले. मोठ्याने हाक मारली की नुसतीच बसून राहिले ते आठवत नाही, पण नवरा आणि मुलगी दोघं जिन्यावरून धावत आले. नवऱ्याने पिशवी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. "झाकण उघडलं नाही तर," तो एवढंच म्हणाला.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. गोठलेली वस्तू एकदम उघडली तर हवेतलं पाणी तिच्यावर धरतं, हे मला माहीत आहे. पिशवी बंद करून आईच्या पलंगावर ठेवली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला हात लावला नाही. मोदक इंडियन ग्रोसरीतल्या नारळाचे झाले.

दुसऱ्या दिवशी मी आणि मुलगी पलंगावर बसलो आणि गाठ सोडली. चिनाई जशीच्या तशी होती. आईने ती घडी न घालता जुन्या चादरीभोवती गुंडाळली होती, त्यामुळे नवी चीर कुठेच गेली नव्हती. पक्षी, कळ्या, सगळं जागच्या जागी. चादरीच्या आत परकर होता, नाडी ओवून गाठ मारून ठेवलेला. आणि परकरात एक सायीच्या रंगाचा रेशमी ब्लाउज.

ब्लाउज मी उचलला तर तो हातात दोन बाजूंना उघडला. पाठ मानेपासून खालपर्यंत सरळ कापलेली होती. दोन्ही कडा बारीक दुमडून त्यांना हेम घातलेली होती. इतके बारीक टाके की उजव्या बाजूने दिसतसुद्धा नव्हते.

मी लहान असताना वस्तीत कोणी बाई गेली की आईला बोलावणं यायचं. ती आल्यावर अंघोळ करायची आणि आम्हाला काही सांगायची नाही. ताठलेल्या हातांत ब्लाउज चढत नाही हे तिला माझ्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. मला ते करावं लागू नये म्हणून तिने आधीच कापून ठेवलं होतं. आणि कापल्यावर सुतं लोंबतात ते तिला बघवलं नाही, म्हणून माझ्या बेसमेंटच्या वर कुठेतरी, खिडकीशी, शोव्हल करणाऱ्या माणसाकडे बघत तिने हेम घातली होती. मी कामावर असताना. हे सगळं करून झाल्यावर तिला फक्त मला सांगायचं राहिलं होतं. मी किती वेळा तिचं बोलणं तोडलं ते त्या दिवशी मोजत बसले.

मुलीने त्या हेमवरून बोट फिरवलं. "आजी डिड धिस?"

"हो."

तिला फ्युनरल होममधली कात्री आठवली असणार. तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मी नागपूरला फोन केला. "वहिनी, चिनाई सापडली."

"कुठे?"

मी सांगितलं. वहिनी ऐकत होती. मग तिने विचारलं, "परकराला नाडी घातलेली आहे का?"

"आहे. गाठ मारून."

"नाडी ओवल्याशिवाय परकर कधी ठेवायच्या नाहीत त्या. मग आईंनीच ठेवली," वहिनी म्हणाली आणि रडायला लागली. तिने माझ्या आईबरोबर माझ्यापेक्षा जास्त वर्षं एका घरात काढली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. मी माफी मागितली. "राहू द्या आता," ती म्हणाली. "घेऊन या तुम्ही. आपण दोघी नेऊ."

पुढच्या महिन्यात आम्ही रामटेकला जातोय. अस्थींची पेटी मी चिनाईत बांधली आहे. आधी नेसवल्यासारख्या निऱ्या घालून बघितल्या, पण पेटीला निऱ्या पडत नाहीत. मग सरळ गुंडाळली आणि पदर वर येईल अशी घेतली. तलावाच्या काठी गुरुजी कापड सोडू देतील की नाही माहीत नाही. वहिनी म्हणते, ते मी बघते.

ब्लाउज मात्र मी त्यात ठेवला नाही. आईच्या अंगावर जो गेला तो मी कापलेला होता, आणि हा राहिला. बेसमेंटमध्ये फ्रीजर रिकामा करून, पुसून परत सुरू केला, तेव्हा मी तो पाठीला लावून बघितला. आईपेक्षा मी उंच आहे, पण पाठीचं माप तेच निघालं. मी तो धोतराच्या कापडात ठेवला, मग प्लास्टिकमध्ये, मग बासमतीच्या पिशवीत.

मुलगी ब्रॉसार्डला निघाली होती. जिन्याच्या वरून तिने हाक मारली, मग खाली आली. माझ्या हातातली पिशवी बघून जागीच थांबली.

"मॉम, व्हॉट आर यू डूइंग?"

"ये इकडे. ऐक."

"कॅन वी नॉट डू धिस टुडे? प्लीज?"

"आजच. बस."

ती शेवटच्या पायरीवर बसली. माझ्याकडे न बघता बुटाच्या लेसशी खेळत राहिली. मी सांगितलं, तळाशी ठेवलंय, उजव्या कोपऱ्यात. बाहेर काढलंस की लगेच उघडायचं नाही, एक दिवस जाऊ द्यायचा. साडी कुठलीही चालेल.

तिने लेसची गाठ घट्ट बांधली. मग तिने वर बघितलं.

"राइट कॉर्नर?"

"हो, उजवा," मी म्हटलं आणि झाकण लावलं.